उंटाचे वाडगे

धाकटीने यंदा जेवण आपल्या घरी ठेवलं, इथपर्यंत मोठीचं काही म्हणणं नव्हतं.

म्हणजे होतं, पण ते तिने गिळलं. वर्षाच्या शेवटच्या सुट्टीत सगळं कुटुंब एकत्र जेवायचं आणि आजवर ते मोठीच्याच घरी जेवत आलं होतं. तिचं घर ऐसपैस होतं आणि फडताळात भांडी इतकी, की पलटण जेवली तरी उरावीत. सगळी भांडी तिने घडवलेली. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये तिचं चाक होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे गोळे होते आणि कोपऱ्यात लहान कपाटाएवढी विजेची भट्टी होती. या भट्टीतून निघालेला एकही कप नाही, असं नात्यात घर नव्हतं. कोणी मागितले नव्हते. मागायची वेळच ती येऊ देत नसे.

तर धाकटीचा फोन आला. ताई, यंदा सगळं आपल्या रस्त्यावरच्या दुकानांतून आणायचं, आपल्या माणसांच्या हातचं. बाहेरची एक वस्तू नको. पाव कोपऱ्यावरच्या पाववालीकडचा. मेणबत्त्या त्या जाड चष्म्याच्या बाई बनवतात त्या. टेबलावरचं कापड विणकराकडून, मुद्दाम मापाने विणलेलं. भाजी, चीज, मध, सगळं पायी जाऊन आणता येईल असं. शिवाय बनवणाऱ्यांनाही जेवायला बोलावणार होती, म्हणजे कोणी काय केलं ते सगळ्यांना कळेल. धाकटी उत्साहाने बोलत होती आणि मोठी फोन खांद्यात दाबून ओल्या हातांनी गोळा थोपटत होती. आता वाडग्यांचं विचारेल. आता विचारेल. मोठी "बरं" म्हणाली, "छान" म्हणाली, "कापडाचा रंग कुठला" हेही म्हणाली. पण मग जेवायचं कशात, हे तिने विचारलं नाही, कारण तसं विचारणं म्हणजे आपल्या तोंडाने

मागणं झालं असतं, आणि मागायची तिला सवय नव्हती.

ती थांबली. धाकटीला आयत्या वेळी सुचतं, लहानपणापासून तसंच. म्हणून तिने माती मळून ठेवली. कापड कुठल्या रंगाचं ते कळलं होतं, त्याला उठून दिसेल अशी, भांड्यांवर चढवायची झिलई कालवून ठेवली, आणि झाकण लावून ठेवलं. दर दोन दिवसांनी झाकण काढून ती ढवळायची आणि परत ठेवायची.

रस्त्यावरून मात्र बातम्या येत राहिल्या. पाववाली म्हणाली, तुमची बहीण दोनदा येऊन गेली, पाव कापून, चावून, हा नको तो हवा करून गेली. चष्म्याच्या बाई म्हणाल्या, वासाच्या मेणबत्त्या नकोत म्हणाली, जेवताना वास नाकात जातो. विणकराने तर मोठीला दुकानात बोलावून मागावरचं कापड दाखवलं. कडेची पट्टी धाकटीने तीनदा बदलून घेतली होती. तो कौतुकाने सांगत होता. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं, म्हणाला.

मोठी घरी आली आणि तिने दार जरा जास्तच जोरात लावलं. पाववाली तिची होती. वीस वर्षं ती तिथून पाव घेत होती. चष्म्याच्या बाईंना रस्त्यावर जागा तिने बघून दिली होती. विणकराच्या घरी तिचे सहा कप होते. धाकटी या रस्त्यावर राहायला आली तीसुद्धा मोठीच्या शब्दामुळे, आणि आता सगळ्यांच्या तोंडी धाकटी, धाकटी. आणि कोणाच्याच तोंडी वाडगे नाहीत.

मग एका सकाळी तिच्या फाटकाशी

उंट उभा राहिला.

उंट हे नाव तिनेच ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी जुन्या सायकल दुरुस्तीच्या गाळ्यात एक लांब मानेचा माणूस भांडी घडवायला बसला. डोकं पुढे आणि बाकीचा माणूस मागून, असं त्याचं चालणं. मोठी एकदा पाववालीकडे बोलून गेली, आणि महिन्याभरात अख्खा रस्ता त्याला उंट म्हणू लागला. तोंडावर कोणी म्हणत नसे. त्याच्या काचेमागे पांढरी भांडी मांडलेली असत, इतकी पातळ की उन्हात त्यांच्या कडा उजळायच्या. मोठी त्या दुकानासमोरून जात नसे. ती समोरच्या फुटपाथने जायची आणि औषधांच्या दुकानाच्या काचेत त्याच्या दुकानाचं प्रतिबिंब बघायची. उलटं दिसायचं, पण पातळ ते पातळच.

त्याच्या भट्टीची कॉइल गेली होती. नवी यायला आठवडा लागणार होता आणि माल तर या आठवड्यातच द्यायचा होता. ताई, तुमच्या भट्टीत एक भाजणी काढता आली तर फार उपकार होतील, तो अजिजीने म्हणाला. बोलताना मान आणखीच पुढे आली.

मोठीला इतकं बरं वाटलं की तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "या की," ती म्हणाली. "भट्टी काय, पडूनच आहे."

दुपारी तो फळीवर मांडून वाडगे घेऊन आला. तान्हं मूल नेताना कोणी जपणार नाही, इतकं जपून. तिने त्याला कप्पे लावायला मदत केली, कुठल्या कोपऱ्यात आच जास्त लागते ते सांगितलं, आणि तो प्रत्येक गोष्टीला "हो ताई" म्हणाला. एकंदरीत फार चांगली दुपार होती. शेवटचा वाडगा आत ठेवून तो ताठ झाला, जितका उंट होऊ शकतो तितका.

"तुमच्या धाकट्या बहिणींचीच ऑर्डर आहे," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असेलच."

"माहीत आहे की," मोठी म्हणाली, आणि भट्टीचं दार स्वतःच्या हाताने लावलं.

नाही म्हणता आलं असतं. तिला वाटलं, म्हणावं, उचला हे सगळं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण त्याला कळण्यापेक्षा

भट्टी पेटलेली बरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी निवत होती. उंट मातीची पोती आणायला गेला होता, उद्या सकाळी येऊन वाडगे काढणार होता. शेडमध्ये ती आणि भट्टी. हात सोसेल इतकं गार झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगायची. आणि आपली भांडी असली की दर वेळी जरा लवकरच उघडायची, जसे भांडी घडवणारे सगळेच उघडतात. राहवत नाही. आत काय झालंय ते बघितल्याशिवाय जेवण जात नाही.

तिने दोन बोटं दार उघडलं. फक्त बघायला.

गरम वारा तोंडावर आला. आत वाडगे बसले होते, पांढरे, कोरे, कुठे थेंब ओघळलेला नाही की कुठे टाचणीएवढी फोड नाही. तिची भट्टी तिच्याशी असं कधी वागली नव्हती. तिच्या भांड्यांना ही भट्टी काही ना काही करायचीच, एखादं वाकडं, एखादं करपलेलं, आणि याच्यासाठी मात्र शहाण्या मुलीसारखी वागली. मग आतून एक बारीकसा आवाज आला. टिंग. कोणीतरी लांब कुठेतरी काचेला चमचा लावावा तसा. तिने पटकन दार लावलं.

घरात येऊन तिने चहा टाकला आणि तो उकळून उकळून काळा झाला तरी ओतला नाही. मागच्या महिन्यात ती धाकटीकडे गेली होती, तेव्हा धाकटीने तिला चहा तिनेच घडवलेल्या कपात दिला, स्वतः मात्र साध्या काचेच्या ग्लासात प्यायली. तेव्हा ते मनात आलं नव्हतं. आता आलं. मेहुण्यांच्या हातातही ग्लासच होता. कपाटातून धाकटीने तो कप काढला होता तेव्हा दोन डबे आधी बाजूला करावे लागले होते, हेही आता आठवलं.

ती परत शेडमध्ये गेली आणि तिने दार सताड उघडलं.

आणि उभी राहिली. पंखा लावला नाही, एवढं काय ते राखलं. टिंग. टिंग, टिंग. मग एकाच वेळी पुष्कळ. गार हवेत झिलई आखडते आणि आतली माती तितकी आखडत नाही, मग झिलई चिरत जाते, त्याचा तो आवाज. हा आवाज आला की आजवर ती धावत जाऊन दार लावत आली होती. आज तिने तो अगदी कान देऊन ऐकला. शेवटचा आवाज होईपर्यंत हलली नाही.

मग एकेका वाडग्यापाशी वाकून तिने बघितलं. एकही फुटला नव्हता. उजेडाकडे तिरकं धरलं तर केसाहून बारीक रेघा दिसत होत्या, नाहीतर काहीच नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटताना, खोटं कशाला सांगा, थोडं

फुकट गेल्यासारखंही.

सकाळी उंटाने वाडगे टोपलीत भरले, मध्ये मध्ये कागद घातले, आणि काय द्यायचं ते विचारलं. मोठी नेहमीसारखी म्हणाली, काही नाही हो, शेजारधर्म. तो टोपलीवर वाकून क्षणभर तसाच राहिला, जणू काही ऐकतोय. मग गेला.

आणि सुट्टीचा दिवस आला.

धाकटीचं टेबल म्हणजे दोन टेबलं, एक थोडं उंच, एक थोडं बुटकं, आणि दोन्हींवरून विणकराचं कापड, त्यामुळे मध्ये एक पायरी पडली होती. कोपरं त्या पायरीवर येणाऱ्यांची फजिती होत होती आणि त्यावरून हसणं चाललं होतं. पाववाली नटून आली होती. चष्म्याच्या बाई आपल्याच मेणबत्त्यांकडे संशयाने बघत बसल्या होत्या. उंट टोकाला, आत्याच्या शेजारी. आत्या ऐंशीच्या पुढची, तिला उंट फार आवडला होता. कारण ती बुटकी होती आणि तो तिच्यासाठी वाकत होता.

मोठीने येताना एक मोठा पाण्याचा जग आणला होता, हिरवा, दोन हातांनी उचलावा लागणारा. धाकटीने "किती छान" म्हणून तो घेतला, टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि मग तो खिडकीत ठेवला. टेबलावर जागा नव्हती हे मोठीला दिसत होतं. तिला असंही दिसत होतं की मधाची बाटली उचलली असती तर झाली असती.

धाकटी एकेक पदार्थ आणताना ज्याचं त्याचं नाव घेऊन कौतुक करत होती. पाव आला, पाववाली लाजली. चीज आलं. मग सूप आलं, बीटाचं, लालभडक, आणि धाकटी म्हणाली, "हे वाडगे बघा. हातात घेऊन बघा. काही घेतलंय असं वाटतच नाही." सगळ्यांनी हातात घेतले. मेहुणे म्हणाले, खरंच की. मोठीनेही घेतला. तिच्या हाताला कळायचं ते कळलं आणि तिने वाडगा खाली ठेवला.

मग सगळे जेवायला लागले. बराच वेळ चमचे वाजत राहिले, आणि मग आत्या म्हणाली,

"अरे, माझ्या वाडग्याला मुळं फुटली."

सूप संपत आलं होतं आणि वाडग्याच्या पांढऱ्या आतल्या बाजूवर लाल रेघा उमटल्या होत्या, बारीक, फाटे फुटत गेलेल्या. म्हातारीची थट्टा म्हणून मेहुणे वाकून बघायला गेले आणि मग घाईने आपल्या वाडग्याकडे वळले. त्यांच्यातही होत्या. सगळ्यांच्यात होत्या. कोणाच्या वाडग्यात झाड होतं, कोणाच्यात ओढ्यांचा नकाशा, पाववालीच्या वाडग्यात म्हणे साक्षात तिच्या सासूचा तळहात. लोक उठून एकमेकांचे वाडगे बघू लागले. संपवल्याशिवाय पूर्ण दिसत नाही म्हणून मुलांनी घटाघटा सूप संपवलं. जे सूप एरवी कोणी पोराने तोंडात धरलं नसतं.

मोठीने मान वर केली नाही. आता तो बोलेल. तिने उत्तरं तयार ठेवली होती. भट्टी जुनी आहे, दार नीट बसत नाही, तुमची झिलईच मातीला बसणारी नसेल. तीन उत्तरं, तीनही बरी होती.

"कसं केलंत हो हे?" धाकटीने उंटाला विचारलं. तिचा चेहरा इतका फुलला होता की मोठीला तिच्याकडे बघवेना.

उंटाने आपल्या वाडग्यात बघितलं. मग मान लांब करून टेबलाच्या या टोकाला, मोठीकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं, यात शंका नव्हती.

"भट्टीचं काम आहे," तो सावकाश म्हणाला. "कधी कधी मिळतं असं."

बस. एवढंच. आणि त्यावर टेबल नुसतं उसळलं. बघा, किती साधा माणूस. एवढी कला आणि म्हणतो भट्टीचं काम. मेहुण्यांच्या भावाला असेच कप हवे होते. पाववालीला दुकानात ठेवायला एक ताट हवं होतं, मोठं. धाकटी म्हणाली की आता पुढच्या वर्षीही तुमच्याच वाडग्यांत जेवायचं, दर वर्षी, ठरलं. उंटाचे कान लाल झाले होते. तो नाही म्हणत नव्हता.

दोष आला असता तर मोठीने सोसला असता. तीन उत्तरं होतीच. पण हे सोसवेना. तिने केलेलं काम, तिच्या भट्टीत, तिच्या हाताने, आणि कौतुक त्या मानेचं. शब्द तोंडाशी आले आणि ते गिळायच्या आत

"ते मी केलंय," ती म्हणाली.

आधी कोणी ऐकलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. मग मेहुणे हसले. आत्या म्हणाली, तू कशाला करशील, वाडगे यांचे आहेत. आणि धाकटीने हातातला डाव खाली ठेवला.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "एक दिवस. एक दिवस तरी दुसऱ्या कोणाचं काही असू दे."

म्हणजे तिला वाटलं होतं की मोठी खोटं बोलतेय. कौतुकासाठी. ते ऐकून मोठीला जे झालं ते भट्टीच्या दारात उभं राहूनही झालं नव्हतं.

"गरम भट्टीचं दार उघडलं मी," ती म्हणाली. "झिलई तडकते त्याने. या रेघा म्हणजे तडे आहेत. दोनदा उघडलं. पहिल्यांदा बघायला. दुसऱ्यांदा मोडायलाच."

मुलांनी वाडग्यात बघितलं, मग मोठीकडे, मग परत वाडग्यात. पाववालीने आपला पाव जवळ ओढून घेतला.

"मला माहीत होतं," उंट म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "टोपलीत भरतानाच एक दोन वाडगे टिंग वाजले. नव्याने करायला हवे होते. पण ऑर्डर गेली असती, म्हणून गप्प बसलो." तो धाकटीकडे वळला. "रोजच्या वापराला ठेवू नका. आत ओल धरतील. मी नवे करून देतो."

धाकटीने त्याचं ऐकलं की नाही कोण जाणे. ती मोठीकडेच बघत होती.

"मला का नाही विचारलंस?" मोठी म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा लहान निघाला. "रस्त्यावरच्या सगळ्यांना विचारलंस. मी या रस्त्यावर नाही?"

"तुला विचारता येत नाही, ताई."

"म्हणजे?"

"तू देतेस. देऊन मोकळी होतेस. पाववालीला मी सांगू शकते हा पाव नको. विणकराला सांगितलं पट्टी बदला, त्याने बदलली, त्याला काही वाटलं नाही. तुला काय सांगू?" धाकटीने एक श्वास घेतला, आणि मग ते आलंच. "तुझे कप जड असतात. चहा भरला की एका हाताने उचलत नाहीत. आत्याचं मनगट दुखतं."

"मला मध्ये ओढू नका," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "जड आहेत पण."

मेहुण्यांनी मेणबत्तीकडे बघितलं. चष्म्याच्या बाईंनी, ज्यांच्याकडे मोठीच्या हातच्या चार बशा होत्या, चष्मा काढून पुसायला घेतला. आणि मोठीच्या डोळ्यांपुढून एकेक घर गेलं, एकेक कपाट, आणि प्रत्येक कपाटात पुढचे दोन डबे. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि रागाच्या मागोमाग जुनी सवय.

"नुकसान भरून देईन मी," ती म्हणाली. "माझ्याकडून गेलेत. मी करून देते सगळे."

"नको."

"अगं, माझी चूक आहे, मी देते ना."

"देऊ नकोस म्हणतेय मी," धाकटी म्हणाली. "ऑर्डर घे. वाडगे हवेत. हलके. आधी एक करून दाखव, मला आवडला तर बाकीचे कर. नाही आवडला तर नाही म्हणणार मी, आणि तू आठवडाभर तोंड फुगवून बसायचं नाही."

सगळं टेबल मोठीच्या तोंडाकडे बघत होतं, फुगतंय का ते. तिने पुढ्यातला पाव मोडला, खाल्ला नाही.

"किती हलके?" तिने शेवटी विचारलं.

"याच्याएवढे."

"याच्याहून हलके करेन."

"बघू," धाकटी म्हणाली.

"आगाऊ घेईन मी."

धाकटीला हसू फुटणार होतं, ते तिने आवरलं. "घे ना," म्हणाली, आणि पर्स आणायला आतल्या खोलीत गेली. इकडे उंटाने आत्याला पाव पुढे केला, आत्याने आणखी सूप मागितलं, तिला मुळं कुठपर्यंत जातात ते बघायचं होतं. हळूहळू चमचे पुन्हा वाजू लागले. कोणी मोठीशी बोलत नव्हतं आणि कोणी तिच्याकडे मुद्दाम बघतही नव्हतं.

याच्याहून हलके, असं ती म्हणाली तर होती. तिने पुढ्यातला वाडगा दोन्ही हातांत घेतला. कड पातळ होती, ते तिला दिसतच होतं. पण नुसत्या कडेने वजन इतकं उतरत नाही. कुठून काढली असेल याने माती? खालून. पायाकडून. वाडग्याचा पाय, म्हणजे बुडाखालचं कडं, कसा तासलाय ते बघायला हवं, म्हणून तिने, प्रत्येक भांडी घडवणारा करतो तसं, वाडगा उचलून सरळ पालथा केला.

सूप तिच्या मांडीवर आलं आणि तिथून विणकराच्या कापडावर, तीनदा बदललेल्या पट्टीपर्यंत. पाववाली ओरडली. मेहुणे फडकं शोधायला धावले. पर्स घेऊन आलेली धाकटी दारातच थबकली.

मोठी हलली नाही. तिने पालथा वाडगा दिव्याकडे धरला होता. पाय अरुंद होता, आतून पोखरलेला, आणि एका दमात, हात न उचलता काढलेला.

पाय सुंदर होता, मेल्याचा.